हर्झलचा माग काढायचा तर बाझलपासून

थिओडोर हर्झल म्हटलं की लोक थेट जेरुसलेमच्या टेकडीवर त्याच्या थडग्यापाशी जातात, फोटो काढतात आणि परततात. मी क्रम उलटा धरतो. ज्यूंना स्वतःचं राज्य हवं ही हर्झलच्या डोक्यातली कल्पना, म्हणजे झायोनिझम, पूर्णपणे नवी नव्हती. ओडेसाच्या लिओन पिन्स्करने १८८२ मध्ये तसंच काहीसं लिहून ठेवलं होतं. हर्झलची करामत पुढच्या कामात होती. सभागृह कुठलं, पोशाख कोणता, वर्गणी किती, मत कोणाला, बँक कुठे नोंदवायची, हे सगळं त्याने बसवलं. हा कार्यकर्ता दिसतो तो स्वित्झर्लंडमधल्या बाझलला.

बाझल एसबीबी स्थानकाबाहेरून ८ किंवा ११ नंबरची ट्राम घ्या आणि बारफ्यूसरप्लाट्झला उतरा. चालत गेलात तर पंधरा मिनिटं. शहरातल्या हॉटेलात उतरलात तर बाझल कार्ड मागून घ्या, त्यावर ट्राम-बसचं तिकीट लागत नाही. चौकाला लागूनच स्टाड्टकासिनोची इमारत आहे. नावात कासिनो असलं तरी जुगाराशी संबंध नाही, हे संगीताचं घर आहे. सभागृह १८७६ चं. शेजारचं नवं बांधकाम होऊन ते २०२० मध्ये पुन्हा खुलं झालं. दिवसा येणाऱ्यांना बहुतेक वेळा बंद दारच दिसतं. आतलं सभागृह बघायचा सरळ मार्ग म्हणजे मैफलीचं स्वस्तातलं तिकीट काढणं. आकार बुटाच्या खोक्यासारखा लांबट आहे. वाद्यवृंदासाठी हा आकार उत्तम मानतात, आणि ध्वनिवर्धक नसलेल्या काळात भाषणांनाही तो सोयीचाच पडला असणार.

पहिली झायोनिस्ट काँग्रेस इथे भरली, २९ ते ३१ ऑगस्ट १८९७. मुळात ती म्युनिकला व्हायची होती. तिथल्या ज्यू समाजाने विरोध केला आणि जर्मनीतल्या रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) जाहीर निषेध काढला, तेव्हा ऐन वेळी गाव बदलावं लागलं. बाझल रेल्वेच्या जंक्शनवर होतं, कोशर (ज्यू आहारनियम पाळणारी) खानावळ होती, सरकार आडवं येणारं नव्हतं. पण हर्झल येऊन बघतो तर ठरवलेली जागा नाटक-तमाशाच्या मंचासारखी. ती त्याने रद्द केली आणि स्टाड्टकासिनो घेतलं. उद्घाटनाला काळा टेलकोट आणि पांढरा टाय सक्तीचा. पॅरिसहून आलेला लेखक मॅक्स नॉर्डाऊ साध्या कोटात आला, तर हर्झलने त्याची मनधरणी करून त्याला कपडे बदलायला पाठवलं. हा थाट वरवरचा वाटेल. पण हर्झल मुळात नाटककार आणि वार्ताहर. पॅरिसला चार वर्षं फ्रेंच संसदेच्या बातम्या देताना दिखाव्याची ताकद त्याने जवळून पाहिली होती. सुमारे दोनशे माणसं, बरीचशी कोणाचीच अधिकृत प्रतिनिधी नसलेली. त्यांना आपण राष्ट्रसभेत बसलो आहोत असं वाटायला लावणं, हेच काम होतं.

सगळं आखल्याबरहुकूम झालं असं मात्र नाही. उद्घाटन ज्येष्ठ म्हणून रोमानियाच्या डॉ. कार्ल लिप्पे यांच्याकडे होतं. ठरलेल्या वेळेपेक्षा ते कितीतरी जास्त बोलले. हर्झलने व्यासपीठावरून चार वेळा निरोप पाठवला तेव्हा थांबले. आपल्याकडच्या सभा ज्यांनी घेतल्या आहेत त्यांना हा प्रसंग समजावून सांगायला नको.

काँग्रेसच्या ठरावाच्या मसुद्यात 'राज्य' हा शब्द नाही. 'पॅलेस्टाईनमध्ये घर' असा शब्दप्रयोग आहे, जर्मनमध्ये हाइमश्टेटं. पॅलेस्टाईन तेव्हा तुर्की सुलतानाच्या ताब्यात, तो बिथरू नये म्हणून. ते घर नुसतं 'कायद्याने' सुरक्षित हवं की 'आंतरराष्ट्रीय कायद्याने', यावर बराच खल झाला आणि शेवटी 'सार्वजनिक कायद्याने' या मधल्या शब्दावर तडजोड झाली. जो तो आपल्याला हवा तो अर्थ काढायला मोकळा.

सभासदत्वाची वर्गणी म्हणजे शेकेल. प्राचीन नाण्याचं नाव, रक्कम मात्र किरकोळ: जर्मनीत एक मार्क, रशियात चाळीस कोपेक. शेकेल भरला की प्रतिनिधी निवडायचा हक्क. बायका पहिल्या काँग्रेसला आल्या पण त्यांना मत नव्हतं; १८९८ च्या दुसऱ्या काँग्रेसपासून मिळालं. त्याच दुसऱ्या काँग्रेसमध्ये बँकेचं ठरलं. ज्यूइश कलोनियल ट्रस्ट १८९९ मध्ये लंडनला नोंदवला गेला, कागदावरचं भांडवल वीस लाख पौंड, शेअर एका पौंडाचा. इथे हर्झलचा अंदाज सपशेल चुकला. रोथशिल्डसारखे धनाढ्य लांबच राहिले आणि शेअर घेतले ते मुख्यतः पूर्व युरोपातल्या साध्या लोकांनी. पैसा जमायलाच वर्षं गेली. तिची शाखा १९०३ मध्ये पॅलेस्टाईनमधल्या याफाला उघडली, तिचीच पुढे बँक लेउमी झाली.

स्टाड्टकासिनोपासून ट्रामने दोन थांबे पुढे शिफलेंडं. तिथे ऱ्हाईन नदीकाठी 'ले त्र्वा र्वा' हॉटेल. कठड्यावर हात ठेवून नदीकडे बघणारा दाढीवाला हर्झल, हे जगप्रसिद्ध छायाचित्र इथल्या बाल्कनीतलं. त्याखाली अनेक ठिकाणी १८९७ असं छापतात, ते चूक. चित्रकार एफ्राईम मोझेस लिलियनने तो फोटो १९०१ च्या पाचव्या काँग्रेसच्या वेळी काढला. बाल्कनी पाहुण्यांच्या खोलीची असल्याने वर जाता येत नाही. शेजारच्या मिटलेर ब्रुके पुलावरून हॉटेलची नदीकडची बाजू नीट दिसते. पूल मात्र १९०५ चा; हर्झलच्या समोर होता तो आधीचा, मध्ययुगातला. 'बाझलला मी ज्यू राज्याची स्थापना केली, पाच वर्षांत नाही तर पन्नास वर्षांत नक्की दिसेल' अशा अर्थाची त्याची नोंदही या खोलीत लिहिलेली नाही. ती व्हिएन्नाला परतल्यावरची, ३ सप्टेंबर १८९७ ची.

१९०३ ची सहावी काँग्रेसही बाझललाच. ब्रिटनने पूर्व आफ्रिकेत जमीन देऊ केली होती (युगांडा म्हणतात, पण ती जागा आजच्या केनियात येते). रशियातल्या किशिनेवची ज्यूंची कत्तल ताजी होती, म्हणून निदान शोधपथक पाठवावं असं हर्झलचं म्हणणं. बाजूने २९५, विरोधात १७८, तटस्थ ९८. ठराव जिंकला आणि संघटना दुभंगायला आली. ज्यांच्यासाठी हा आसरा शोधला, त्या रशियाचेच प्रतिनिधी उठून गेले.

मुंबईच्या बेने इस्रायल या ज्यू समाजालाही पहिल्या काँग्रेसचं बोलावणं होतं. ज्यूंना त्यांच्या भूमीत परत नेण्याचं काम देवाच्या हातून व्हायचं, या श्रद्धेने त्यांनी ते नाकारलं. त्याच कोकणी-मुंबईकर समाजातले हजारो लोक १९४८ नंतर इस्रायलला गेले. लोद-रामल्याकडे मराठी आजही कानावर पडते.

व्हिएन्नाला अर्धा दिवस पुरे. बेर्गगासेवर फ्रॉइडचं संग्रहालय १९ नंबरला आहे. त्याच रस्त्यावर ६ नंबरला हर्झल राहायचा. 'दी वेल्ट' हे साप्ताहिक त्याने ४ जून १८९७ ला काढलं, पदरच्या पैशाने. मुखपृष्ठ मुद्दाम पिवळं, ज्यूंना सक्तीने लावावा लागलेल्या बिल्ल्याचा रंग. पोटासाठी मात्र तो 'नोये फ्राये प्रेसे'त साहित्य विभागाचा संपादक, आणि त्या पत्राचे ज्यू मालक झायोनिझमबद्दल अवाक्षर छापत नसत. शॉटनटोरहून ४० ए बस ड्योबलिंगच्या दफनभूमीला जाते. ३ जुलै १९०४ ला, ४४ व्या वर्षी गेलेला हर्झल आधी इथे वडिलांशेजारी होता. बुडापेस्टमध्ये त्याचं जन्मघर उरलेलं नाही; त्या जागी दोहान्य रस्त्याच्या सिनेगॉगला लागून ज्यू संग्रहालय आहे, शनिवारी बंद. ही तिन्ही शहरं एका शेंगेन व्हिसात होतात, इस्रायलचा वेगळा काढावा लागतो.

जेरुसलेममध्ये जुन्या रेल्वे स्थानकापासून निघा, आता तिथे दुकानं आणि खानावळी आहेत. २८ ऑक्टोबर १८९८, शुक्रवार. सकाळी याफाजवळ मिक्वे इस्रायलच्या शेतकी शाळेपाशी जर्मन सम्राट कैसर विल्हेल्मशी हर्झलची रस्त्यात भेट झाली. सोबतच्या वोल्फसोन या सहकाऱ्याने फोटो काढले, पण एकात कैसरची आकृती आणि हर्झलचा डावा पाय तेवढा आला, फोटोची दुसरी काच पार वाया. प्रसिद्ध झालेला फोटो जोडून बनवलेला आहे. संध्याकाळी गाडी या स्थानकात उशिरा पोचली. शब्बाथ, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणारा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, लागला होता आणि त्यात वाहनात बसत नाहीत, म्हणून अंगात ताप असूनही हर्झल काठी टेकत चालत गेला.

तुम्ही वीस-पंचवीस मिनिटांत मामिला बाजारात पोचता. हॉटेलात जागा नव्हती, तेव्हा तो मग इथल्या श्टेर्न यांच्या घरी उतरला. बाजार बांधताना ते घर दगड न् दगड सुटा करून पुन्हा रचलं. जवळ जाऊन भिंत बघा: दगडांवर रंगाने घातलेले आकडे अजून आहेत.

याफा दरवाजातून आत शिरून बाब अल-सिल्सिला रस्त्यावर खालिदी ग्रंथालय आहे. हा थांबा गाळू नका. जेरुसलेमचे माजी महापौर युसुफ झिया अल-खालिदी यांनी मार्च १८९९ मध्ये फ्रान्सच्या मुख्य रब्बीमार्फत पत्र पाठवून कळवलं होतं, की कल्पना न्याय्य असली तरी इथे लोक राहतात, पॅलेस्टाईनला शांत राहू द्या. हर्झलने त्याच महिन्यात उत्तर दिलं: ज्यूंच्या पैशाने आणि बुद्धीने तुमचंही भलंच होईल. इथल्या लोकांना हे राज्यच नको असेल तर काय, याला त्या उत्तरात जागा नाही. एवढ्या बारीक आखणी करणाऱ्या माणसाची ही सर्वांत मोठी गफलत, असं माझं मत.

परत फिरून सिटी हॉल थांब्यावरून रेड लाईन ट्रामने माउंट हर्झल. ट्राम-बसचं रव-काव कार्ड आधी भरून ठेवा. संग्रहालयात ठरलेल्या वेळेला गटानेच सोडतात, साधारण तासभर, त्यामुळे नोंदणी आधी हवी. १९४९ च्या ऑगस्टमध्ये अवशेष व्हिएन्नाहून इथे आणले, मृत्युपत्रात त्याने तसं मागितलं होतं. काळ्या दगडावर हिब्रूतली चार अक्षरं, फक्त 'हर्झल'. जन्मसाल नाही, पदवी नाही. पाऊलिना आणि हान्स ही मुलं १९३० मध्ये फ्रान्समध्ये गेली, त्यांना टेकडीवर जागा मिळायला २००६ उजाडलं. धाकटी ट्रूडं नाझींच्या तेरेझिनच्या छावणीत मेली, तिला कबरच नाही.

शुक्रवारी आलात तर दुपारी घड्याळाकडे लक्ष ठेवा. शब्बाथच्या आधी ट्राम थांबते, मग टॅक्सी नाही तर चालत.