चढावर मी स्वतःला काय विचारते

"काकू, घाट लागला की तुम्ही मनात काय म्हणता?" सकाळी मैदानावर पळायला येणाऱ्या पोरी हे दर चार-आठ दिवसांनी विचारतात. माझ्याकडे एखादा मंत्र असावा, अशी त्यांची समजूत आहे. तसा काही नाही. मी मनात काही म्हणत नाही, स्वतःला विचारते. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन 2012 साली सुरू झाली. अंतर 21.1 किलोमीटर. गाव मागे पडलं की यवतेश्वरचा घाट लागतो, कासच्या रस्त्याने वर जायचं आणि वळून त्याच वाटेने खाली यायचं. म्हणजे पहिलं निम्मं अंतर बहुतेक चढाचंच. वयाच्या 47व्या वर्षी मी पहिल्यांदा नाव नोंदवलं. घाटात दुसऱ्याच वळणावर दम लागला, शेजारून माणसं पुढे जात राहिली आणि मनात एकच घोळायला लागलं : मलाच का जमत नाही?

मन फार आज्ञाधारक असतं हो. जे विचाराल त्याचं उत्तर शोधून आणतं. माझ्या मनानेही आणलं. वय झालंय, वजन जास्त आहे, सुरुवातच उशिरा केलीस, सासूबाईंच्या आजारपणात महिनाभर नीट झोप नाही. सगळं खरं होतं. पण त्यातल्या एकाही उत्तराने पाऊल पुढे पडलं नाही. उरलेला घाट मी जवळजवळ चालतच चढले. शर्यत पूर्ण झाली, पण घरी आले ती पडलेल्या चेहऱ्याने.

त्या दिवाळीत निवांत बसले असताना लक्षात आलं, की 'मलाच का' यात विचारण्यासारखं काही नव्हतंच, तो आरोप होता. मग एक सवय लावून घेतली. ज्याचं उत्तर पायांना देता येईल, तेवढंच चढावर विचारायचं. 'त्या आंब्यापर्यंत न थांबता जाता येईल का?' 'श्वास कितव्या पावलाला घेतेय मी?' 'खांदे वर ओढलेत का?' खांदे बहुतेक वेळा वर ओढलेलेच असतात. ते खाली सोडले की छाती मोकळी होते आणि तेवढ्यात आंबा येतो.

'मी करणारच' असं स्वतःला बजावून पाहिलंय मी, आरशासमोर उभी राहूनसुद्धा. मला त्याचा उपयोग झाला नाही. चढावर दम लागला की तो निर्धार खोटा वाटतो आणि खोटं बोललो म्हणून आणखी हिरमुसायला होतं. 2010 साली प्रसिद्ध झालेला एक मानसशास्त्रातला प्रयोग नंतर वाचनात आला. अक्षरं उलटसुलट केलेले शब्द ओळखायचे होते. काहींनी आधी 'मी हे करीन' असं मनाशी म्हटलं, काहींनी 'मी हे करीन का?' असं मनाला विचारलं. विचारणाऱ्यांनी जास्त शब्द सोडवले. प्रयोग लहान आहे, त्यावर इमले बांधायचे नाहीत. पण वाचून मला बरं वाटलं.

पोरींनो, एक प्रश्न मात्र पाठच करा : 'हे थकणं आहे की दुखणं?' तिसऱ्या वर्षी सरावात डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ यायला लागली. थकवा दोन्ही पायांत सारखा असतो, थांबलं की ओसरतो. ही कळ एकाच जागी होती आणि जिना उतरताना वाढायची. उत्तर स्पष्ट होतं, मला ते आवडलं नव्हतं एवढंच. शर्यतीला तीन आठवडे उरले असताना मी नाव मागे घेतलं. त्या सकाळी पावसाच्या भुरभुरीत रस्त्याकडेला उभी राहून पाणी वाटलं, आणि हो, रडलेही. पण पुढच्या वर्षी मी पळू शकले ती त्या उत्तराशी खरी राहिले म्हणूनच. जो प्रश्न 'नाही' हे उत्तर ऐकून घेत नाही, त्यावर माझा विश्वास नाही.

आणि पहाटेचं. 'आज जाऊ का?' असं पाच वाजता पांघरुणाला विचारू नये, पांघरूण नाहीच म्हणणार. मी रात्रीच बूट दाराशी ठेवते आणि उठल्यावर फक्त 'आज कुठल्या रस्त्याने?' एवढंच विचारते.

या महिन्यात माझ्या वहीत एकच प्रश्न लिहिलेला आहे. उतारावर गुडघा वाचवायचा तर पावलं किती लहान टाकू? लांब ढांग टाकली की टाच आपटते, एवढं कळलंय. रविवारी घाटातून उतरताना पावलं मोजणार आहे. यायचं असेल तर साडेपाचला समर्थ मंदिरापाशी या.