आमची वाटचाल: रिपोर्ट हिरवा, सिस्टिम ठप्प

आम्ही सॉफ्टवेअर तपासून देतो. सुरुवातीला आम्ही दोघंच होतो आणि काम साध्या फंक्शनल टेस्टिंगचं, म्हणजे प्रत्येक सोय नीट चालते का एवढंच बघण्याचं. परफॉर्मन्सचं, म्हणजे गर्दीत सिस्टिम कशी चालते ते बघण्याचं काम यायचं ते रिलीजच्या आदल्या आठवड्यात, "जरा लोड टाकून बघा" एवढ्याच निरोपासह. आम्ही जेमीटर या लोड टेस्टिंगच्या टूलमध्ये ५०० थ्रेड (म्हणजे खोटे वापरकर्ते) लावायचो, सरासरी रिस्पॉन्स टाइमचा आलेख काढायचो, रिपोर्ट द्यायचो. बिलंही वेळेवर निघायची.

मग एका ग्राहकाची सिस्टिम पहिल्याच दिवशी ठप्प झाली. आमच्या रिपोर्टात सगळं हिरवं! दोन रात्री लॉग चाळल्यावर कळलं, की डेटाबेसचा कनेक्शन पूल (ठरावीक जोडण्यांचा साठा) संपत होता आणि अधूनमधून सगळ्याच रिक्वेस्ट काही सेकंद रांगेत अडकत होत्या. टेस्टमध्येही हेच घडलं होतं. दिसलं मात्र नव्हतं.

कारण आमचा खोटा वापरकर्ता फार समजूतदार होता. आधीचं उत्तर आल्याशिवाय पुढची रिक्वेस्ट पाठवायचाच नाही. समजा, दर १० मिलिसेकंदांनी एक रिक्वेस्ट जायची आहे. ९० सेकंद सुरळीत गेले आणि मग सर्व्हर १० सेकंद गोठला. नोंदीत ९,००० चांगले आकडे आणि वाईट एकच. सरासरी सोडाच, पी९९सुद्धा (१०० पैकी ९९ रिक्वेस्ट जेवढ्या वेळात उरकतात तो आकडा) झकास. पण खरी माणसं अशी एकमेकांसाठी थांबत नाहीत. त्या १० सेकंदांत यायच्या १,००० रिक्वेस्ट धरल्या, तर पी९९ जातो ९ सेकंदांवर. परफॉर्मन्सवर काम करणारे अभियंते गिल टेने यांनी याला 'कोऑर्डिनेटेड ओमिशन' असं नाव दिलंय.

ग्राहकाला हे जसंच्या तसं सांगितलं. काम गेलंच असं धरून चाललो होतो. त्यांनी उलट पुढच्या मॉड्यूलच्या डिझाइन मीटिंगला बोलावलं.

तेव्हापासून आम्ही थ्रेड मोजत बसत नाही. सेकंदाला किती रिक्वेस्ट येणार ते ठरवतो आणि त्याच दराने मारा करतो, सर्व्हर उत्तर देवो न देवो. त्यासाठी के६ हे टूल वापरतो. (कुठलं टूल भारी, यावर भांडणारे भेटतात. भांडोत.) छोटी टेस्ट प्रत्येक मर्जनंतर (नवा कोड मुख्य कोडमध्ये मिसळल्यावर) पाइपलाइनमध्ये, म्हणजे आपोआप होणाऱ्या तपासण्यांच्या साखळीत चालते. आधी ती उगाचच लाल व्हायची, कारण शेअर्ड मशीनवर आकडे हेलकावतात. डेव्हलपर तिच्याकडे बघेनासे झाले. आता जुना आणि नवा बिल्ड (सॉफ्टवेअरची आवृत्ती) एकाच मशीनवर लागोपाठ चालवून तुलना करतो. सापडतं काय? बहुतेकदा लूपमध्ये लपलेली क्वेरी, म्हणजे डेटाबेसला पुन्हापुन्हा विचारलेला प्रश्न: १०० ओळींची यादी आणि तिच्यासाठी १०१ क्वेरी, यादीची एक आणि प्रत्येक ओळीची एकेक.

आज आम्ही सहा जण आहोत. "जरा लोड टाकून बघा" असे फोन अजून येतात. आम्ही विचारतो, गर्दीच्या तासाला ऑर्डर किती येतात? पलीकडून बहुधा उत्तर येतं, "बघून सांगतो."