हेल्मेट गाडीलाच लॉक करायचं कसं? माझा अनुभव

माझं रोज कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीला जाणं-येणं, हायवेला ट्रक, ट्रेलर, सीझनला उसाच्या ट्रॉल्या, त्यामुळं हेल्मेट फुल फेसच घ्यायचं हे पहिल्यापासून ठरलेलं. तिकडं काही अडचण नाही, कंपनीत लॉकर आहे. अडचण येती ती संध्याकाळी गावात, म्हणजे कोल्हापुरात आल्यावर. कपिलतीर्थ मार्केटात भाजी घ्यायची म्हटलं की दोन्ही हातात पिशव्या, महाद्वार रोडला पाय ठेवायला जागा नसती, आणि अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत एवढं मोठं हेल्मेट काखेत मारून उभं राहायचं म्हणजे पुढच्यालाही धक्के आणि आपल्यालाही. मग बरीच लोकं हेल्मेट घालायचंच सोडून देतात, ते मला करायचं नव्हतं.

आरशाला अडकवणं हा सगळ्यांचा पहिला उपाय. तो मला कधीच पटला नाही. एक तर कुणीही उचलून नेईल, आणि दुसरं म्हणजे आरशाचं टोक आतल्या थराला टोचत राहतं. हेल्मेटच्या आत थर्माकोलसारखा जाड थर असतो, ईपीएस म्हणतात त्याला, आपण पडलो की तो दबतो आणि डोक्याचा मार स्वतःवर घेतो. एकदा दबला की परत फुगत नाही. म्हणजे जो भाग आपल्या डोक्यासाठी राखून ठेवलाय तोच आपण आरशावर लटकवून खराब करायचा! आणि पावसाळ्यात त्यात पाणी साठतं ते वेगळंच, ओलं हेल्मेट डोक्यात घालून कागल गाठायचं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत.

गाडीच्या सीटखाली हूक असतो तो पण बघितला. ज्या हेल्मेटच्या पट्ट्याला दोन लोखंडी रिंगा असतात त्यांची रिंग हुकात घालून सीट बंद केली की हेल्मेट अडकून राहतं. माझ्या पट्ट्याला रिंग नाही, टिकटिक आवाज करत बसणारं दातेरी बकल आहे. ते बंद करून पट्टा हुकात घातला तरी काय उपयोग, कुणीही बकलची पट्टी उचलली की हेल्मेट मोकळं. आणि रिंग असली तरी पट्टा शेवटी कापडीच. आमच्या कंपनीतल्या एकाचं असंच झालं, गाडीपाशी आला तर सीटखालून पट्ट्याचा वीतभर तुकडा लोंबतोय, रिंग हुकात जशीच्या तशी, आणि हेल्मेट गायब. ब्लेडनं एका झटक्यात कापलेलं, कडा एकदम सरळ.

उपाय सांगितला तो आमच्या मामांनी, त्यांचं उद्यमनगरात लेथचं दुकान आहे. हेल्मेट हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, "पट्ट्याचं सोड की. ह्यात कडक काय हाय? ही हनुवटीची पट्टी. हितनं वायर घाल, मग हेल्मेट फोडल्याशिवाय कोण नेतंय बघू." हनुवटीची पट्टी म्हणजे कापडी पट्टा नव्हे, हनुवटीपुढचा हेल्मेटचाच कडक भाग. काचेच्या फटीतनं वायर आत घालायची आणि खालनं, मानेच्या बाजूनं बाहेर काढायची. काच वर केली की आरामात जाते.

रेडिमेड नंबरवाली केबल पण मिळते, ती वाईट नाही, फक्त लोकं बंद करताना एकच चाक एक घर फिरवतात, ते मागं फिरवलं की उघडलंच, सगळी चाकं फिरवायला पाहिजेत. पण मला लांबी मापात पाहिजे होती. आधी सुतळी घेऊन माप काढलं. वायर रोप घेतला ४ एमएमचा, वरनं प्लॅस्टिकचं कव्हर असलेला, नाहीतर हेल्मेटचा रंग खरवडून निघतो. दोन्ही टोकं वळवून डोळा, म्हणजे गोल फासा केला आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमचं फेरूल, म्हणजे छोटी नळी, दाबून बसवलं. मी म्हटलं नटवाला क्लॅम्प लावूया, सोपा पडेल, तर मामा म्हणाले नट पान्यानं सुटतोय रे, फेरूल सुटत नाही. दोन्ही डोळे एका छोट्या पितळी कुलपात.

दुसरं टोक साडी गार्डमधनं घेतो. गार्ड बोल्टवर असतो हे मान्य, पण भर रस्त्यात पाना घेऊन कोण बसत नाही, आणि ती बाजू डावीकडची, माझ्या गाडीचा सायलेन्सर उजवीकडं, त्यामुळं तापायचा प्रश्न नाही. लांबी अशी ठेवलीय की हेल्मेट सीटवर तोंड खाली करून बसतं, लोंबकळत नाही. हे फार महत्त्वाचं आहे, कारण बिंदू चौकात वगैरे गाड्या इतक्या चिकटून लावतात की बाजूला लटकणारं हेल्मेट शेजारच्या हँडलनं घासलं जाणारच. कटर घेऊन आलेल्या माणसाला ४ एमएमची वायर अडवणार नाही हे मला माहीत आहे, पण जाता जाता हात मारणारा थांबतो, आणि गर्दीत तोच जास्त असतो.

एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळा, निघताना वायर पूर्ण काढून पिशवीत टाका. गार्डला गुंडाळून ठेवू नका. तिथंच मागचं चाक आणि चेन आहे, चालत्या गाडीत वायर सुटून अडकली तर गाडी जाग्यावर लॉक होईल. पावसाळ्यात कुलपात मशीन ऑइलचे दोन थेंब सोडत जा.

आता राहिलं मागं बसणाऱ्याचं. कायद्यानं ४ वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लागतं, मागच्याला सुद्धा. मिसेसचं हेल्मेट ओपन फेस होतं, त्याला हनुवटीची पट्टीच नाही, वायर घालायची कुठनं? म्हणून तिलाही आयएसआय मार्कचं फुल फेस घेतलं, आणि सुतळीनं दोन्हीचं एकत्र माप काढून मामांकडं देऊन आलोय, लांब वायर ह्या आठवड्यात होईल म्हणालेत.