जत्रेची तीथ बघून सिंधुदुर्गात

याआधी सिंधुदुर्गात दोनदा गेलो होतो. दोन्ही वेळा मालवण, तारकर्ली, किल्ला आणि परत. यंदा कार्तिकात उलटं केलं. आधी जत्रा कधी ते विचारलं, मग रजा टाकली, तिकीट सगळ्यात शेवटी काढलं. तुम्हीही तसंच करा. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमाराला गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि उन्हाळ्यापर्यंत चालतात. बहुतेक तिथीवर असल्याने तारीख दरवर्षी सरकते. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची तर कौल घेऊन, म्हणजे देवीला विचारूनच ठरते. ज्यांच्याकडे उतरणार त्यांना फोनवर एवढंच विचारा, "त्या आठवड्यात जवळपास दहीकालो कुठे आहे?" जत्रेत रात्री होणाऱ्या दशावतारी लोकनाटकाला तिकडे दहीकालो म्हणतात.

कोकणकन्या एक्स्प्रेसने सकाळी कुडाळला उतरलो आणि रिक्षाने थेट पिंगुळीच्या गुढीपूर वाडीत गेलो. ठाकर समाजाच्या लोकांनी चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या इथे सांभाळल्या आहेत. परशुराम गंगावणे यांना याच कामासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या कुटुंबाने जुन्या गोठ्याचं संग्रहालय केलं आहे. चित्रकथीत एका आख्यानाची एक पोथी असते. चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, सांगणारा एकेक उलटत जातो आणि गात गात कथा पुढे नेतो. भिंतीवर टांगलेलं चित्र आणि आवाजासोबत समोर येणारं चित्र यांत फार अंतर आहे, म्हणून नुसतं संग्रहालय बघून निघू नका. खेळाला माणसं जमवावी लागतात, आदल्या दिवशी कळवून ठेवा. चित्र घ्यायचं असेल तर तिथेच, काढणाऱ्याच्या हातून घ्या.

दुसऱ्या दिवशी सावंतवाडी. मोती तलावाकाठच्या राजवाड्यात गंजिफा रंगवतात. गोल, लाखेचा हात दिलेले पत्ते. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकी १२ पानं, म्हणजे १२०. चितार आळीत लाकडी खेळणी मिळतात. रेल्वेने येणार असाल तर स्टेशन शहरापासून बरंच लांब आहे, हे लक्षात ठेवा.

पण मी गेलो होतो ते जत्रेच्या रात्रीसाठी. कुडाळ तालुक्यातलं एक गाव, कौलारू देऊळ, बाहेर खाजाची आणि लाडवांची दुकानं. आधी गाऱ्हाणं झालं. "बारा पाचाच्या देवा म्हाराजा" असं म्हणत गावकऱ्याने गावाचं, मुंबईला गेलेल्यांचं, आजाऱ्यांचं सगळं देवासमोर मांडलं आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांचा "व्हय म्हाराजा" उठत राहिला. मग पालखी. मध्यरात्र उलटल्यावर नाटक. रंगमंच म्हणजे एक बाकडं, तेच सिंहासन. पेटी, मृदंग, झांज. पूर्वरंगात काळ्या वेषातला संकासुर राक्षस आला, तशी पुढे गोणपाटावर बसलेली पोरं मागे सरकली. लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, संवाद नट उभ्या उभ्या रचतात. राजा आणि राक्षस यांची वादावादी अर्धा तास चालली. शास्त्र, शब्दखेळ, गावातला एखादा टोमणा, सगळं त्यात. बायकांची कामं पुरुषच करतात. माझ्या शेजारच्या आजींनी राणीच्या विलापाला पदर डोळ्यांना लावला. त्यांनी हे आख्यान कितीदा पाहिलं असेल!

पहाटे दहीहंडी फुटली. "रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा" असं दशावतारी नटांबद्दल म्हणतात. पूर्वी ते पेटारे डोक्यावर घेऊन पुढच्या गावी चालत जात. आता टेम्पो असतो, पण रात्रीचा राजा टेम्पोत पेटारा चढवताना मी पाहिला.

जाणाऱ्यांनी शाल न्यावी, पहाटे दव पडतं. बसायला चटई न्या आणि सुटे पैसे ठेवा. परतीची रिक्षा संध्याकाळीच ठरवा, खेळ संपतो त्या वेळी एसटी नसते. रंग चढवत असलेल्या नटाचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका, आणि खेळ चालू असताना फ्लॅश मारू नका. मालवणी कळत नसेल तर आख्यानाची गोष्ट आधी शेजाऱ्याला विचारून घ्या. लोक हौसेने सांगतात.

शेवटच्या सकाळी मालवणला दांडीच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत होते. दोन्ही दोरांवर माणसांच्या रांगा, जाळं अर्धवर्तुळात किनाऱ्याकडे येत होतं. मी थोडा वेळ हात लावला. मासळीचे वाटे पडले तेव्हा एका काकांनी दोन बांगडे माझ्या हातात ठेवले. मी नको म्हणालो तर म्हणाले, "दोरयेक हात लावलात मां, मगे वाटो घेवक व्हयो." दुपारी ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या वहिनींनी त्याचंच तिखलं, म्हणजे तिखट कालवण केलं.