हॉप्सचा वास बाटलीपर्यंत पोचवताना

घरी एल ही बिअर करायची ठरवली तेव्हा माझी अपेक्षा एकच होती: ग्लास नाकाशी नेला की आधी हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि सुगंध देणाऱ्या वेलीच्या फुलांचा, वास यावा, कडूपणा मागून आला तरी चालेल. हॉप्स भरपूर असलेल्या पेल एलची सगळी मजा त्या वासात आहे. आणि तो टिकवणं हेच सगळ्यात जिकिरीचं, कारण उष्णता, हवा आणि वेळ हे तिघंही त्याच्या मुळावर उठलेले असतात. (तुम्ही राहता तिथला कायदा घरी बिअर करू देतो का, हे मात्र आधी पाहून घ्या.)

माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचं, काम त्यामानाने सरळ. २० लिटरसाठी साधारण ५ किलो भरडलेलं माल्ट घेतलं, बहुतेक पेल (फिकट) आणि थोडं क्रिस्टल (जास्त भाजलेलं, गोडसर). माल्ट आणि पाणी मिळून ६६ अंश सेल्सिअसवर यावं म्हणून पाणी आधी ७२ च्या आसपास तापवलं. कोरडं माल्ट पडताच ते उतरतं. मग झाकून तासभर तसंच ठेवलं. एवढ्या वेळात माल्टमधली एन्झाइम्स पिष्टाची साखर करतात. तापमान ६३-६४ ला ठेवलं तर बिअर हलकी, कोरडी होते. ७० कडे सरकलं तर यीस्टला न पचणारी साखर जास्त उरते आणि घोट जाडसर लागतो. हॉप्स पुढे दिसायला हवे होते, म्हणून मी मधला आकडा धरला.

गाळलेलं वर्ट, म्हणजे माल्टचं गोड पाणी, उकळीला आलं की पातेल्यापाशी उभंच राहावं लागतं. पहिला फेस भसकन वर येतो. आच कमी करून तो बसू दिला आणि कडूपणासाठीचे हॉप्स टाकले, फक्त १५ ग्रॅम. तासभराच्या उकळीत हॉप्समधल्या अल्फा आम्लांची रचना बदलते, ती वर्टमध्ये विरघळतात आणि कडूपणा उतरतो. पण त्याच तासात सुगंधी तेलं वाफेवर निघून जातात. घरभर जो सुंदर दरवळ सुटतो, तो बिअरमधून कायमचा गेलेला असतो. हे कळल्यापासून मी वासाचे हॉप्स उकळीत टाकतच नाही.

गॅस बंद केला, वर्ट ८० अंशांखाली येऊ दिलं आणि मग कॅस्केड व सिट्रा मिळून ५० ग्रॅम घालून २० मिनिटं झाकून ठेवलं. या तापमानाला कडूपणा फार वाढत नाही, तेलं मात्र उतरतात. कॅस्केड ही १९७२ साली अमेरिकेत प्रसारित झालेली जात. तिला ग्रेपफ्रूटच्या सालीसारखा वास असतो. सिट्रामध्ये लिंबाबरोबर पिकलेल्या आंब्याची छटा येते. दोन्ही एकमेकींना छान सांभाळून घेतात.

तांब्याच्या कॉइलने वर्ट १८ अंशांवर आणलं. इथून पुढे त्याला लागणारी प्रत्येक वस्तू, अगदी चमचासुद्धा, सॅनिटायझरमधून काढायची. यात सवलत नाही. हायड्रोमीटरवर, म्हणजे द्रवाची घनता मोजणाऱ्या नळीवर, १.०५२ आलं (साखर जितकी जास्त तितका हा आकडा मोठा), यीस्ट घातलं, फर्मेंटर म्हणजे आंबवायचं भांडं बंद केलं. दुसऱ्या दिवशी एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न घेणारी झडप) जोरात बुडबुडत होता. बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं असं नाही. हायड्रोमीटरचा आकडा लागोपाठ काही दिवस हलला नाही, तरच ते खरं.

जोर ओसरल्यावर ड्राय हॉपिंग, म्हणजे आंबलेल्या बिअरमध्ये थंडच हॉप्स घालणं. ८० ग्रॅम हॉप्सच्या गोळ्या सोडल्या. त्या आधी तरंगतात, मग फुगून फुटतात आणि वर हिरवा गाळ पसरतो; तो हळूहळू तळाशी बसतो. चार दिवस पुरतात. जास्त ठेवल्याने वास वाढत नाही, उलट पाल्यासारखी चव यायला लागते.

एक गोष्ट इथे नीट लक्षात ठेवावी. हॉप्समध्येही थोडी एन्झाइम्स असतात. ती न पचणारी साखर फोडतात आणि शांत झालेलं यीस्ट पुन्हा कामाला लागतं. माझा आकडा १.०१३ वरून १.०११ वर उतरला तो असाच. या टप्प्यावर घाईने बाटल्या भरल्या, तर आतला दाब वाढून त्या फुटू शकतात, शिवाय लोण्यासारखा वास मागे राहतो. आकडा पुन्हा स्थिर होईपर्यंत मी बाटल्यांना हात लावला नाही. अल्कोहोल साधारण ५.४ टक्के निघालं: सुरुवातीचा १.०५२ आणि शेवटचा १.०११ यांच्यातला फरक गुणिले १३१.

बाटल्या भरताना खरी काळजी हवेची. आंबणं संपल्यावर बिअरमध्ये मिसळलेला ऑक्सिजन आधी हॉप्सचा वास मारतो, मग रंग तपकिरी करतो. म्हणून नळी बाटलीच्या तळाला टेकवून भरलं, कुठेही धार वरून पडू दिली नाही. फसफसण्यासाठी लिटरमागे ६ ग्रॅम साखर, पाण्यात उकळून. बाटल्या तपकिरी काचेच्याच घेतल्या, कारण उजेडात हॉप्समधली कडू द्रव्यं बिघडून गंधकासारखी दुर्गंधी येते. उरलेला हॉप्सचा गाळ बंद पिशवीत टाकला. कुत्र्यांसाठी तो विषारी असतो आणि थोडासाही जिवावर बेतू शकतो.

२० अंशांच्या आसपास दोन आठवडे ठेवून मग बाटल्या फ्रिजमध्ये गेल्या. पहिली उघडली तेव्हा फेसाबरोबर संत्र्याची साल आणि आंबा आधी आला, मागून कोरडा, स्वच्छ कडूपणा. मला हवा होता तोच क्रम. ही एल मुरवत ठेवायची नसते. महिना-दीड महिना उलटला की वास उतरायला लागतो, म्हणून मोकळ्या मनाने वाटून संपवायची. पुढच्या खेपेला पाण्यात थोडं जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) घालणार आहे. सल्फेट वाढलं की कडूपणा अधिक धारदार लागतो, आणि या माल्टला तो पेलेल असं वाटतं.