सासूबाईंचा मृत्युलेख

अमेरिकेत माणूस गेलं की मृत्युलेख घरच्यांनीच लिहायचा असतो, हे मला सासूबाई गेल्यावर कळलं. फ्युनरल होमच्या, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या संस्थेच्या, बाईंनी फॉर्म पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "पेपरवाले ओळींवर पैसे घेतात, आटोपशीर ठेवा." नवरा आणि नणंद बोलायच्या मनःस्थितीत नव्हते. काम सुनेकडे आलं, म्हणजे डोंबिवलीत वाढलेल्या माझ्याकडे.

सासूबाई मूळच्या पोलिश. शिकागोच्या वायव्य भागातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल होत्या, निवृत्तीपर्यंत. आधार नसलेलं वाक्य त्यांना खपायचं नाही. जेवताना कुणी काही ठोकून दिलं की काटा खाली ठेवून विचारायच्या, "कुठे वाचलंस?" अशा बाईबद्दल ऐकीव काही छापायचं नाही, एवढं मी ठरवलं.

कागद शोधायला वेळ लागला नाही. आपल्याकडे असले कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून गादीखाली असतात. यांच्याकडे फोल्डर, त्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर साल. पण कागदच एकमेकांशी भांडत होते. नागरिकत्वाच्या दाखल्यावर जन्म १९३४ चा, शाळेच्या जुन्या दाखल्यावर १९३३ चा. सोव्हिएत राजवटीत हद्दपार झालेल्या, छळ सोसलेल्या पोलिश नागरिकांची एक मोठी सूची पोलंडमध्ये तयार झाली आहे, ती इंटरनेटवर फुकट शोधता येते. तिथे त्या सापडल्या, वडिलांच्या नावासकट. साल १९३३. घरात कुणाला हे कधी खटकलं नाही, कारण त्या पिढीतले पोलिश लोक वाढदिवसापेक्षा आपल्या नावाच्या संताचा दिवस साजरा करतात. केक दरवर्षी यायचा, वय कोण मोजतंय?

फ्युनरल होमच्या बाई ठाम होत्या. मृत्यूच्या दाखल्यावर सोशल सिक्युरिटीत, म्हणजे सरकारी पेन्शन खात्यात, आहे तेच साल आणि तसंच आडनाव हवं, नाहीतर बँक, पेन्शन सगळं अडेल. सासूबाई पोलिशमध्ये सही करताना आडनावाचा शेवट 'स्का' करायच्या, अमेरिकन कागदांवर मात्र सासऱ्यांचं 'स्की'. दाखल्यावर 'स्की' आणि १९३४ गेलं. मृत्युलेखात मी साल घातलंच नाही.

जन्मगाव व्होलिनमधलं. तेव्हा ते पोलंडमध्ये होतं, आज युक्रेनमध्ये आहे. १० फेब्रुवारी १९४० च्या रात्री सोव्हिएत शिपायांनी त्यांचं कुटुंब उठवलं आणि मालगाडीत कोंबून उत्तरेला अर्खांगेल्स्ककडे नेलं, लाकूडतोडीच्या वस्तीवर. हिटलरने रशियावर हल्ला केल्यावर, जुलै १९४१ च्या पोलंड-सोव्हिएत करारानंतर, सुटका झाली. वडील जनरल अँडर्सच्या सैन्यात गेले, सुटलेल्या पोलिश लोकांतून तिथेच उभ्या राहिलेल्या. आई आणि मुलं कॅस्पियन ओलांडून इराणला, तिथून कराची, आणि १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळीवड्याला.

लग्नाआधी पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, "तुमच्यापासून कोल्हापूर किती लांब?" मला वाटलं, चपलांबद्दल वाचलं असेल. त्या तिथे पाच वर्षं राहिल्या होत्या! कोल्हापूर संस्थानात सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत होती, शाळा, चर्च, स्काउटची पथकं असलेली, हे मला ठाऊक नव्हतं. शाळेच्या इतिहासात एक ओळ असती तरी चाललं असतं. तिथल्या मुली पंचगंगेत पोहायच्या आणि आंब्याची कोय चोखून चोखून पांढरी करायच्या. सासूबाई शेवटपर्यंत आंबा तसाच खायच्या, सिंकवर वाकून, कोपरापर्यंत ओघळ. १९४८ मध्ये वसाहत मिटली. फाळणीनंतर आलेले सिंधी तिथे वसले, आज ते गांधीनगर. हे कुटुंब वडिलांकडे इंग्लंडला गेलं आणि तिथून काही वर्षांनी शिकागोला.

यातलं ओळींत किती बसणार? वळीवडे मी ठेवलं, इंग्लंड एका शब्दात उरकलं. हत्तीवरून नणंदेशी वाजलं. कोल्हापूरच्या महाराजांचा हत्ती एकदा वसाहतीच्या फाटकापर्यंत आला होता, ही सासूबाईंची लाडकी गोष्ट. नणंद म्हणे, ती हवीच. मला कुठेच आधार मिळाला नाही. हत्ती गाळला.

मृत्युलेख दोन झाले. इंग्रजीतला सविस्तर, आणि १९०८ पासून शिकागोत निघणाऱ्या पोलिश दैनिकासाठी छोटा, ठरावीक साच्यातला. पोलंडमध्ये असे कागद गावातल्या भिंतींवर डकवतात. आपल्या चौकातल्या 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या फलकांची आठवण झाली. फक्त इथे शुभेच्छुक नेत्यांचे फोटो नसतात. फुलांऐवजी जवळच्या ग्रंथालयाला देणगी द्या, ही ओळ नवऱ्याने घातली.

कॅथलिक चर्चमध्ये अंत्यविधीच्या प्रार्थनेत गुणगानाची भाषणं होत नाहीत. शेवटी घरच्या एकाला दोन शब्द बोलू देतात, तेही आवरतं घ्यायचं. म्हणून खरं बोलणं आदल्या संध्याकाळी झालं, शवपेटीजवळ लोक भेटायला येतात तेव्हा. मेक्सिकोहून आलेला एक प्लंबर सांगत होता, नागरिकत्वाच्या परीक्षेचे शंभर प्रश्न सासूबाईंनी त्याच्याकडून काउंटरवर घोकून घेतले, मागे रांग लागलेली असताना. एक बाई म्हणाली, मुलांनी पुस्तकं उशिरा परत केली की दंड त्या स्वतःच्या पर्समधून भरायच्या. शिकागोच्या ग्रंथालयांनी २०१९ मध्ये उशिराचा दंड बंद केला तेव्हा त्या एवढ्या खूश का झाल्या होत्या, ते मला तेव्हा उमगलं. हत्तीची गोष्ट नणंदेने तिथेच सांगितली, सोंडेच्या अभिनयासह.

मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती मात्र भरपूर मागवा. बँक, विमा, पेन्शन, बहुतेकांना शिक्क्याची प्रत लागते, झेरॉक्स चालत नाही.

स्वयंपाकघरात त्यांच्या पाककृती सापडल्या, ग्रंथालयाने बाद केलेल्या सूचीपत्रांच्या पाठीवर. खाली दांडा ओवायचं भोक, एका बाजूला पोलंडच्या इतिहासावरच्या पुस्तकाची टंकलेली नोंद, दुसऱ्या बाजूला पेन्सिलीने बिगोस हा पोलिश पदार्थ: आंबवलेला कोबी, सुकी अळंबी, आलुबुखार, आणि 'तीन दिवस परत परत गरम करा'. ही पत्रं नणंदेकडे गेली. बाकीचे कागद मिलवॉकी अ‍ॅव्हेन्यूवरच्या पोलिश म्युझियम ऑफ अमेरिकाच्या ग्रंथालयाला द्यावेत असं चाललंय. त्याआधी यादी करायची आहे. नणंद म्हणते विषयवार, मी म्हणते सालवार, आणि नवरा दोघींना कॉफी करून देतोय.