कपाटामागची ओल

मुलुंडचं घर विकून चार वर्षं झाली. तरी ओळखीत कुणी घर विकायला काढलं की मला फोन येतो आणि प्रश्न तोच असतो: "गळतीचं तुम्ही आपणहून का सांगितलंत? त्यांनी विचारलं नव्हतं ना?"

नव्हतं विचारलं. विचारणार तरी कसे? माणसं फेब्रुवारीत घर बघायला आली होती. आमच्या बेडरूमची भिंत नैर्ऋत्येची. जुलैत पावसाचे सपकारे थेट तिच्यावर बसतात, बाहेरच्या प्लास्टरच्या चिरांतून पाणी मुरतं, आठवड्याभरात आत रंगाला फुगे येतात आणि पोपडे सुटतात. दिवाळीपर्यंत भिंत वाळते. फेब्रुवारीत तळहात टेकवून बघा, कोरडी ठणठणीत. एजंट म्हणाले, "ताई, रंगाचे दोन हात मारून घ्या आणि कपाट तिथेच राहू द्या."

मी कपाट सरकवून घेतलं.

खिडकीतून लोकलचा आवाज येतो, हे मी कुणाला सांगत बसले नाही. दोन मिनिटं उभं राहिलं की ते कळतंच. पण ओल फक्त मला माहीत होती. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ हाच फरक करतं: घेणाऱ्याला नेहमीची काळजी घेऊनही सापडणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक असेल, तर तो त्याने सांगायलाच हवा. हे कलम मला नंतर वकिलांनी दाखवलं. मला आधी दिसत होती ती त्या भिंतीला लागून ठेवलेली कुणाच्या तरी बाळाची खाट.

आणखी एक गोष्ट होती, आणि ती लोक हमखास विसरतात. आमची इमारत तिशी ओलांडलेली. स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल सी-२बी आला होता, म्हणजे घरं रिकामी न करता दुरुस्ती. सी-१ आला असता तर इमारत पाडायचीच. त्या दुरुस्तीची वर्गणी घराघरातून निघणार होती. सोसायटीच्या दाखल्यावर मागची थकबाकी दिसते, उद्याची वर्गणी दिसत नाही. म्हणून अहवालाची प्रत मी टोकन घेण्याआधीच हातात ठेवायचे.

पहिलं जोडपं परत आलं नाही. दुसऱ्यांनी फोन उचलणं बंद केलं. त्या दोन महिन्यांत मला झोप नव्हती, पैशांची खरोखर नड होती. शेवटी एक शिक्षिका आईला घेऊन आली. आईने भिंत ठोकून पाहिली, मग इंजिनिअर आणला, आणि दोन लाख कमी करून व्यवहार ठरला.

जुलैत तिचा फोन आला. "काकू, पाणी आलं. तुम्ही दाखवलं होतंत तिथेच, बाकी कुठे नाही. तो वॉटरप्रूफिंगवाला कोण म्हणाला होतात?"

मी नंबर दिला.